श्रीमंत देश गरीब देशांना कर्ज देतात, ते पैसे येतात कुठून?

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशी मदत देणारी संस्था बंद झाली. त्याच्या काही महिने आधी ब्रिटनने जाहीर केलं होतं की परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणणार. जर्मनी आणि फ्रान्सनेही हात आखडता घेतला. अशा बातम्या आल्या की काहींना बरं वाटतं, फुकट वाटप एकदाचं थांबलं म्हणून. काहींना गरीब देशांची काळजी वाटते. दोघांच्या डोक्यात चित्र मात्र एकच असतं: श्रीमंत देश आपल्या तिजोरीतून पैसे काढतात आणि गरीब देशांच्या हातावर ठेवतात.

हे चित्र अर्धवट आहे. यूएसएडचा पैसा बहुतांशी अनुदानाचा होता, तिथे ते लागू पडतं. पण रस्ते, धरणं, वीज, पाणी, शाळा यांसाठी जो पैसा जातो त्यात कर्जाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या कर्जातली बहुतेक रक्कम श्रीमंत देशांच्या करदात्यांच्या खिशातून येतच नाही. श्रीमंत देश मुख्यतः आपली पत वापरू देतात. रोकड त्यांना थोडीच घालावी लागते. मात्र जिथे ती लागते तिथे दुसरं काही चालत नाही, आणि सध्याची कात्री नेमकी त्याच रोकडीवर चालते आहे. हा सगळा मामला नीट उलगडून पाहायला हवा, कारण त्यावर कोट्यवधी माणसांचं पाणी, औषध आणि शिक्षण अवलंबून आहे.

आधी तीन प्रकार

अनुदान म्हणजे परत करायचं नाही असे पैसे. साधं कर्ज म्हणजे बाजारातल्या दराच्या जवळपासचं व्याज लावून दिलेलं. या दोहोंच्या मधलं ते सवलतीचं कर्ज: व्याज अगदी कमी किंवा शून्य, मुदत लांबलचक, आणि पहिली काही वर्षं हप्ताच नाही. कर्ज देणाऱ्या संस्था दोन तऱ्हेच्या असतात. काही अनेक देशांच्या सामायिक मालकीच्या, उदाहरणार्थ जागतिक बँक, मनिलाची आशियाई विकास बँक, आबिदजानची आफ्रिकी विकास बँक. काही एकेका देशाच्या, जशी जर्मनीची केएफडब्ल्यू किंवा जपानची जायका. आकडे पुढे अब्जांत येतील. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

जागतिक बँकेचा पैसा कोणाचा?

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि जागतिक बँकेची मूळ शाखा ठरली. तिला आयबीआरडी म्हणतात. तिचं पहिलं कर्ज मे १९४७ मध्ये गेलं ते गरीब देशाला नव्हे, युद्धात मोडून पडलेल्या फ्रान्सला: २५ कोटी डॉलर. त्याच वर्षी जुलैमध्ये बँकेने न्यूयॉर्कच्या बाजारात आपले पहिले रोखे विकले, म्हणजे व्याजासह परत करायच्या लेखी बोलीवर गुंतवणूकदारांकडून पैसे उसने घेतले, तेही २५ कोटी डॉलर. सरकारांच्या पैशावर फार काळ चालणार नाही, बाजारातून उभारावे लागतील, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

या बँकेचं भांडवल कागदावर ३०० अब्ज डॉलरच्या वर आहे. सदस्य देशांनी त्यातले प्रत्यक्ष भरलेत २० अब्जांच्या थोडे वर. बाकीची रक्कम म्हणजे लेखी कबुली: बँकेला आपले रोखे फेडता आले नाहीत, तर आम्ही पैसे भरू. गेल्या आठ दशकांत ही वेळ एकदाही आलेली नाही. तरीही कर्जाचा सगळा डोलारा उभा आहे तो याच कबुलीच्या आधारावर.

धडपड्या पण कफल्लक माणसाला कोणी कर्ज देत नाही. तोच माणूस चार सधन जामीनदार घेऊन आला, तर त्याच दारात त्याला बसायला खुर्ची मिळते, आणि व्याजही कमी लागतं. जामीनदारांच्या खिशातून त्या दिवशी दमडीही जात नाही. आयबीआरडीचं असंच आहे. तिच्यामागे अमेरिका, जपान, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स जामीन उभे आहेत, म्हणून पतमापन संस्था तिला ‘ट्रिपल ए’ हा सर्वोच्च दर्जा देतात. पेन्शन फंड, विमा कंपन्या, मध्यवर्ती बँका तिचे रोखे निर्धास्तपणे घेतात, कमी व्याजावर समाधान मानतात. बँक त्यावर आपला खर्च आणि थोडी वाढ लावून तो पैसा कर्जदार देशांना देते. एवढ्याशा भरलेल्या भांडवलावर तिने आजवर ७०० अब्ज डॉलरपेक्षा जास्त कर्ज दिलं आहे.

म्हणजे एखाद्या देशातल्या महामार्गाचे पैसे कुठल्यातरी निवृत्त शिक्षकाच्या पेन्शन फंडातून आलेले असतात, आणि तो देश ते व्याजासह परत करतो. यात दानधर्म शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. आणि मला त्यात काही कमीपणाही वाटत नाही.

जपानचंच पाहा. १९५३ ते १९६६ या काळात जपानने जागतिक बँकेकडून ३१ कर्जं घेतली, एकूण सुमारे ८६ कोटी डॉलरची. त्यातलं एक, ८ कोटी डॉलरचं, १९६१ मध्ये टोकियो-ओसाका शिंकान्सेनसाठी होतं. ती गाडी १ ऑक्टोबर १९६४ ला धावली. जपानने शेवटचा हप्ता फेडला जुलै १९९० मध्ये. तोपर्यंत तो स्वतःच जगातल्या सगळ्यात मोठ्या कर्जदात्यांपैकी एक झाला होता.

एवढं सोपं आहे, तर बँक दुप्पट कर्ज का देत नाही?

कारण ट्रिपल ए दर्जा गेला तर सगळंच महाग होईल. तो टिकवायला बँक एक प्रमाण पाळते: दिलेल्या कर्जाच्या किमान अमुक टक्के रक्कम स्वतःची हवी. हे प्रमाण बरीच वर्षं २० टक्के होतं. २०२२ मध्ये जी-२० देशांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की विकास बँका गरजेपेक्षा जास्त जपून चालतात. मग २०२३ मध्ये ते १९ टक्के झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १८. या शेवटच्या एका टक्क्याने दहा वर्षांत ३० अब्ज डॉलर जादा कर्ज देता येईल, असा बँकेचा अंदाज आहे. कुठल्याही देशाच्या संसदेला एक पैसाही मंजूर करावा लागला नाही. आणखी उतरायला जागा आहे असं म्हणणारे बरेच आहेत. पण तळ कुठे आहे ते चुकून कळलं, तर त्याचा भुर्दंड कर्जदार देशांनाच वाढीव व्याजातून भरावा लागेल. मला या बाबतीत घाई नको वाटते.

जिथे जामीन पुरत नाही

आता खरा कठीण भाग. आयबीआरडीचं व्याज बाजारापेक्षा कमी असलं तरी ते व्याजच आहे. नायजर, मलावी, चाड यांसारख्या देशांना तेही झेपत नाही. प्राथमिक शाळा किंवा लसीकरण यातून सरकारला उद्या उत्पन्न मिळत नाही. फळ दिसायला पिढी जावी लागते. अशा देशांसाठी १९६० मध्ये आयडीए ही जागतिक बँकेची दुसरी शाखा सुरू झाली. तिचं कर्ज जवळजवळ बिनव्याजी असतं, आणि ज्या देशांवर कर्जाचा ताण धोक्याच्या पातळीला पोहोचलाय त्यांना ती अनुदानच देते.

बिनव्याजी कर्जाला खरा पैसा लागतो, कारण व्याजाची खोट कोणीतरी भरून काढायची असते. म्हणून दर तीन वर्षांनी देणगीदार देश एकत्र बसतात आणि आपापला वाटा सांगतात. शेवटची अशी फेरी डिसेंबर २०२४ मध्ये सोलला झाली. देणगीदारांनी २३.७ अब्ज डॉलर कबूल केले. त्यावर आयडीए तीन वर्षांत १०० अब्ज डॉलर देऊ शकेल, असं ठरलं.

२३.७ चे १०० कसे झाले? एक तर जुन्या कर्जांचे हप्ते येत असतात. भारत अनेक वर्षं आयडीएचा सगळ्यात मोठा कर्जदार होता. २०१४ मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला आणि आता स्वतः वर्गणी भरतो. ज्या दक्षिण कोरियाच्या राजधानीत ही बैठक झाली, त्याने १९६० च्या दशकात रेल्वेसाठी आयडीएकडूनच कर्ज घेतलं होतं. या वेळी त्याने आपली वर्गणी ४५ टक्क्यांनी वाढवली. कालच्या गरिबांनी फेडलेल्या हप्त्यांतून आजच्या गरिबांना कर्ज मिळतं, ही गोष्ट बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही, याची मला खंत वाटते. दुसरं म्हणजे २०१८ पासून आयडीएसुद्धा बाजारात रोखे विकते. येणाऱ्या हप्त्यांच्या आणि देणगीदारांच्या जोरावर तिलाही ट्रिपल ए दर्जा आहे.

आता कात्रीचा अर्थ कळतो. अमेरिकेच्या मावळत्या सरकारने सोलच्या फेरीत ४ अब्ज डॉलर कबूल केले होते. नव्या सरकारने संसदेकडे मागितले ३.२ अब्ज. फरक ८० कोटींचा. पण वर्गणीतला एक डॉलर कर्जाचे सुमारे चार डॉलर उभे करत असेल, तर ८० कोटींची कपात म्हणजे गरीब देशांपर्यंत पोहोचणाऱ्या पैशात तीन अब्जांहून मोठं भगदाड. अमेरिकेच्या अर्थसंकल्पात ८० कोटी डॉलर शोधूनही सापडणार नाहीत.

एकेकट्या देशांच्या बँका

१९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत मार्शल योजनेचा, म्हणजे युद्धानंतर युरोप उभारायला अमेरिकेने दिलेल्या मदतीचा, पैसा फिरवण्यासाठी केएफडब्ल्यू सुरू झाली. मदत घेण्यासाठी काढलेली ही बँक आज मदत देते. तीही मुख्यतः बाजारातून पैसे उचलते, जर्मन सरकारच्या हमीवर. व्याज कमी करायचं असेल तेवढ्यापुरता सरकार अर्थसंकल्पातून भर घालतं. फ्रान्सची एएफडी साधारण याच वळणाची. जपानची जायका दीर्घ मुदतीची येनमधली कर्जं देते, आणि त्यातल्या काहींत जपानी कंपन्यांकडूनच माल घ्यायची अट असते. कर्ज स्वस्त, पण यंत्रं स्पर्धेतल्या भावापेक्षा महाग पडली, तर ती स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

मदतीचा आकडा फुगवलेला असतो का?

काही प्रमाणात, हो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची एक समिती मदतीचा हिशेब ठेवते. पूर्वी सवलतीचं कर्ज दिलं की पूर्ण रक्कम मदत म्हणून धरली जायची, आणि परतफेड आली की वजा व्हायची. २०१८ च्या आकड्यांपासून पद्धत बदलली. आता कर्जातला फक्त दानाचा भाग मोजतात, म्हणजे बाजाराच्या मानाने किती सूट दिली तेवढाच. बदल योग्य दिशेने आहे. पण ती सूट काढताना बाजाराचा दर म्हणून समितीने ठरवलेला दर धरतात. सगळ्यात गरीब देशांसाठी तो ९ टक्के आहे. देणाऱ्या देशाला स्वतःला पैसे त्याहून फारच स्वस्त मिळतात, त्यामुळे त्याला काहीच झळ न बसताही कागदावर औदार्य दिसतं. आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्चही मदतीत धरता येतो. तो खर्च करायलाच हवा, पण त्याला परदेशी मदत म्हणणं मला पटत नाही.

एवढं सगळं धरूनही २०२४ मध्ये मदत सुमारे ७ टक्क्यांनी घटून २१२ अब्ज डॉलरवर आली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ते पडतात ०.३३ टक्के. ०.७ टक्के द्यायचे असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवलं त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये ५५ वर्षं झाली. २०२४ मध्ये ते पाळलं चारच देशांनी: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग.

मग गरीब देशांनी सरळ बाजारातून कर्ज का घेऊ नये?

घेतलं आहे, आणि काय झालं ते झांबियाकडे पाहून कळतं. २०१२ मध्ये झांबियाने ७५ कोटी डॉलरचे रोखे विकले, साधारण साडेपाच टक्क्यांनी. जगभर व्याजदर पडलेले, तांब्याला भाव होता, गुंतवणूकदार रांगेत उभे होते. २०१४ मध्ये आणखी एक अब्ज. २०१५ मध्ये सव्वा अब्ज, पण आता नऊ टक्क्यांच्या वर. तांबं उतरलं, चलन घसरलं, सोबत चीनकडून घेतलेली कर्जं होतीच. नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार ठरला. रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडलं.

दोन कर्जांचा हिशेब शेजारी ठेवू. दहा कोटी डॉलर बाजारातून दहा वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर दरवर्षी ९० लाख व्याज, आणि दहाव्या वर्षी दहा कोटी एकरकमी. तेवढेच आयडीएच्या ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून मिळाले, तर पहिली दहा वर्षं काहीच भरायचं नाही, आणि मग चाळीस वर्षं दरसाल २५ लाख. ज्या सरकारकडे परिचारिकांच्या पगाराला पैसे पुरत नाहीत, त्याच्यासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे. २०२३ मध्ये विकसनशील देशांनी परदेशी कर्जाच्या मुद्दल-व्याजापोटी सुमारे १,४०० अब्ज डॉलर भरले. त्यातलं नुसतं व्याज ४०६ अब्ज.

इथे जागतिक बँकेबद्दलची एक तक्रार रास्त आहे. देश अडचणीत आला की बाकी सगळ्यांना सूट द्यावी लागते, पण या बँकांचं देणं आधी फेडायचं असा संकेत आहे. बँकेचं म्हणणं, हा संकेत आहे म्हणूनच आम्हाला स्वस्तात पैसे मिळतात आणि संकटातही आम्ही नवं कर्ज देतो. ते खरं आहे. पण त्यामुळे सगळा तोटा रोखेधारकांवर आणि इतर सरकारांवर पडतो, आणि ते तडजोडीला वर्षानुवर्षं लावतात. चीन आज जगातला सगळ्यात मोठा सरकारी कर्जदाता असल्यामुळे, आणि त्याच्या बऱ्याच करारांतल्या अटी गुप्त असल्यामुळे, हे घोडं आणखीच अडतं.

पैसे मधेच खाल्ले जात नाहीत का?

जातात. जागतिक बँकेच्याच २०२० मधल्या एका अभ्यासात, मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या २२ देशांकडे पाहिलं गेलं. मदत मिळाली की त्या देशांतून करचुकव्यांच्या आश्रयस्थानांतल्या बँकखात्यांत ठेवी वाढत होत्या, मदतीच्या सरासरी ७.५ टक्क्यांएवढ्या. हे संतापजनक आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की सगळे पैसे नेते खातात, हे म्हणणं टिकत नाही. बहुतेक कर्ज एकगठ्ठा मिळत नाही. कामाची निविदा, मोजणी, पावत्या यांनुसार टप्प्याटप्प्याने सुटतं. गळती थांबवायला आणखी कडक देखरेख हवी. नळ बंद करून तहान भागत नाही.

निर्णय कोण घेतं?

जामीनदारांची मर्जी चालते. आयबीआरडीत अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के मतं आहेत, आणि बँकेच्या मूळ नियमांत बदल करायला ८५ टक्के लागतात. म्हणजे अमेरिकेने नाही म्हटलं की विषय संपला. बँकेचा अध्यक्ष आजवर दरवेळी अमेरिकेने सुचवलेलाच झाला आहे.

आणि ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प होतो त्यांचं मत? सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या बुडणाऱ्या गावांतल्या, बहुतांशी आदिवासी लोकांना त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिने १९९२ मध्ये पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ उभं केलं. प्रकल्पाची झळ बसलेले लोक आता थेट तिथे तक्रार करू शकतात. बँकेच्या पैशावरच्या प्रकल्पाने विस्थापित झालेल्या कुठल्याही देशातल्या माणसाला आज तिथे जी दाद मागता येते, तिच्या मुळाशी नर्मदाकाठच्या माणसांची लढाई आहे.

डॉलर महागला तर?

या सगळ्यातला हा धोका मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. कर्ज डॉलरमध्ये असतं आणि सरकार कर गोळा करतं स्वतःच्या चलनात. झांबियात २०१३ च्या सुरुवातीला एका डॉलरला पाच-सव्वापाच क्वाचा लागत. २०२० च्या अखेरीस २० च्या वर. म्हणजे हप्ता डॉलरमध्ये तेवढाच राहिला, तरी तो भरायला जवळजवळ चौपट क्वाचा लागू लागले. अमेरिकेत व्याजदर वाढले की असं पुष्कळ गरीब देशांत एकदम घडतं, आणि त्यात त्या देशांचा काही दोष नसतो.

मग कर्ज त्यांच्या चलनातच द्या, असं सुचतं. पण मग चलन घसरलं तर तोटा बँकेचा, आणि तिचा ट्रिपल ए दर्जा धोक्यात. इथे श्रीमंत देशांचा नुसता जामीन कामाला येत नाही. कोणीतरी खरा पैसा बाजूला काढून तो तोटा सोसावा लागतो. २००७ मध्ये काही विकास बँकांनी आणि सरकारांनी मिळून ॲमस्टरडॅममध्ये टीसीएक्स नावाचा फंड काढला. कर्जदाराच्या चलनाचा धोका तो ठराविक मोबदला घेऊन स्वतःच्या अंगावर घेतो. व्यवस्था चालते, पण गरजेच्या मानाने ती फार लहान आहे, आणि तो मोबदलाही काही देशांना परवडत नाही. तो कमी करायचा तर फंडात देणगीदार सरकारांची रोकड यायला हवी, म्हणजे पुन्हा त्याच अर्थसंकल्पांतून, ज्यांतली मदत आज कापली जाते आहे.